पुलावरची तुझी बाजू

प्रिय हौशीराम,

नऊ वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. नोकरी संपवून तू दौंडहून घरी परतलास, असं कान्हे स्टेशनावरच्या चहावाल्यानं सांगितलं. आपल्या घरांमधे फक्त इंद्रायणी नदी, आणि तरी मी तुझ्या दारी आलो नाही. दोष माझाच आहे.

आपल्या जुन्या पुलावरून आता माणसं चालतात, हे तुला पलीकडून दिसत असेल. रूळ उचलले, फरशी घातली, बाकंसुद्धा ठेवली. आपण तीस वर्षं तिथं रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकल्या, पण बूड टेकायला दगडही मिळाला नाही. तुझी अमिनाभाभी गेल्यापासून मला घर खायला उठतं, म्हणून रोज सकाळी तिथं जातो. परवा शेजारच्या नव्या पुलावर गाडीचा भोंगा वाजला आणि मी सवयीनं ओरडत चार माणसांना कडेच्या सज्जात ढकललं. एक पोरगी हसली. "आबा, गाडी तिकडनं जाती, हितं न्हाई." मीही हसलो. मग ती सगळी गेली आणि मी एकटाच सज्जात उभा राहिलो. गाडी आली की आपण दोघं तिथंच अंग चोरून उभे राहायचो, तू भाकरीचा डबा छातीशी धरून. फार एकटं वाटलं रे.

तो सज्जा कागदावर तुझ्या हद्दीत होता. "रियाजभाय, गुडगा लय धरतोय," असं तू म्हणालास, तेव्हा तिथपर्यंतच्या चाव्या मी ठोकीन असं मीच कबूल केलं. दोन वर्षं ठोकल्याही. मग एका थंडीत आळस केला आणि चार दिवस माझ्याच हद्दीवरून मागे फिरलो. साहेबांना सैल चाव्या सापडल्या. चौकशीत तू माझं नाव घेतलं नाहीस आणि मी मूग गिळून बसलो. शिक्षा म्हणून तुझी दौंडला बदली झाली, त्या दिवशी मी स्टेशनावरसुद्धा आलो नाही.

काल रेल्वेच्या ऑफिसात जाऊन हे सगळं सहीनिशी लिहून दिलं. कारकून म्हणाला, आता त्याचा काय उपयोग. त्याला नसेल, मला आहे. माफ कर, असं म्हणायला हे पत्र लिहिलं. उद्यापासून रोज आठ वाजता मी पुलावर आहे. तू फक्त तुझ्या टोकाच्या बाकावर येऊन बस. तुझी बाजू मी चालेन.

तुझाच, उशिरा का होईना,
रियाज