शोभाच्या भिंतीला टॉर्च

गुढियारी, गुरुवार, संध्याकाळ

आज शोभाकडे, धाकट्या जावेकडे, जायलाच नको होतं. रविवारी नातीला, ऋचाला, पाहायला पाहुणे येणार. तिचं एकच पालुपद, "शोभाआजी के हॉल में बिठाते हैं ना, दीवार कितनी चिकनी है!" आणि इथं मी पदर खोचून भिंतीला पुट्टी भरून राहिली, वाळली की रेगमाल कागदानं घासून राहिली, ते कोणाले दिसत नाही!

शोभा चहा ठेवायला आत गेली. मी मोबाईलचा टॉर्च तिच्या भिंतीला आडवा लावला. आडव्या उजेडात उंचवटा लपत नाही. आपल्या भिंतीवर पापडासारखे फोड दिसतात. तिच्याकडे एकही सावली नाही! हात फिरवला तर जणू साय.

मागून आवाज, "ताई, काय हरवलं?"

"कानातलं," मी म्हटलं. बिचारी खाली वाकून शोधू लागली. मग वर पाहून म्हणते, "अवो ताई, दोन्ही कानातच आहेत की!" मेलं, टॉर्च तरी भिंतीवरून खाली वळवायचा होता मी.

घरी ऋचाला सांगितलं. पोट्टी आधी हसली, मग गळ्यातच पडली. "आजी, वो लोग टॉर्च लेके थोड़ी आएंगे! यहीं बिठाएंगे."

म्हणजे जिंकली मी. मग जीव अजून काहून जळून राहिला? स्विचजवळचा फोड उद्या पुन्हा घासीन. पण ती साय माझ्या तळहातावरून जातच नाही.