फौजदाराची दाढ

३ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल, फौजदार सोडून. अप्पांच्या या लाडक्या कुत्र्याने फाटकाची लोखंडी कडी चावून वरची डावी दाढ मोडून घेतली. आत पू झालाय, डोळ्याखाली लिंबाएवढी सूज आहे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पण म्हणाल्या, भूल देऊन दाढ काढावीच लागेल, नाहीतर डोळा जाईल. खर्चाचा आकडा ऐकून अप्पा ताडकन उठले. एवढ्यात अख्खा नवा कुत्रा येतो, दातांसकट, असं भर दवाखान्यात म्हणाले. वर आणखी, आमचा थोरला कवळ्या बनवतो, तो फुकटात दाढ बसवून देईल! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता तूच समजाव. माझं ऐकतील तर ते अप्पा कसले! पडद्यांची दोन मोठी कामं शिवायची पडलीत आणि मी कुत्र्याचा गाल शेकत बसलेय. वहिनीला नमस्कार. लहानपणची भांडणं सोडून बाकी सगळा लोभ असू दे.

तुझी, ठमी

७ मार्च

चि. ठमीस अ. उ. आ.

सव्वीस वर्षं कवळ्या करतोय, पण शेपटीवालं गिऱ्हाईक पहिलंच. सडलेली दाढ आत ठेवून वर खोटी बसवता येत नाही. पण अप्पांना नाही म्हटलं की ते हट्टाला पेटतात, म्हणून एक युक्ती कर. थोरला दाढ करून देतोय, फक्त आधी मोडकी काढायची अट आहे, असं सांग. त्यांना खरं वाटावं म्हणून सोबत माप घ्यायचा साचा आणि गुलाबी पूड पाठवतोय. पूड पाण्यात कालवायची, साच्यात भरायची, वरच्या दातांवर तीन मिनिटं दाबून धरायची. माप धड येणार नाहीच, न येवो. अप्पांचं समाधान झालं की भुलीच्या संमतीच्या कागदावर सही घे.

गोळ्या चुकवू नकोस. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे.

दादा

१२ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

माप पाठवलंय. अप्पांनी मला बाहेर काढून स्वयंपाकघराला आतून कडी लावली. अर्धा तास समजूत घालण्याचा आवाज येत होता, मग एकदम चिडीचूप. दार उघडलं तेव्हा अप्पांच्या मिशा गुलाबी, फौजदाराचे कान गुलाबी आणि माझी कढई गुलाबी. पण माप कसं सुबक आलंय बघ!

एवढं करून सही नाहीच. आधी थोरला काय म्हणतो बघू, म्हणे. सूज वाढलीय, डोळा अर्धा मिटलाय. तो जेवत नाही म्हणून अप्पाही जेवत नाहीत. मला भीती वाटतेय रे. लवकर लिही, एवढा लोभ कर.

तुझी, ठमी

१६ मार्च

ती. अप्पांस, शि. सा. न. वि. वि.

मापात प्लास्टर ओतलं, जबडा तयार झाला. खोटं कशाला सांगू, तासभर मी फौजदाराचं कौतुक करत बसलो, कुत्र्याचे दात इतके माणसासारखे! हिला हाक मारून दाखवले. तर ही म्हणाली, पुढचा दात तुमच्यासारखाच वाकडा दिसतोय. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

अप्पा, हा जबडा तुमचा आहे. वरची डावी दाढ हिरडीपर्यंत मोडलीय आणि शेजारी सूज आहे. कधीपासून? पैसे मी पाठवतो, पण दोघांच्याही दाढा काढून घ्या. नाहीतर मी येऊन दोघांना एकाच रिक्षात घालून नेईन. रागावलोय, पण पाया पडतो.

आपला, थोरला

२० मार्च

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद.

तो तोंडच उघडेना. म्हणून आधी मी करून दाखवलं, बघ, काही होत नाही म्हणून. तेवढ्यात कालवलेलं माझ्याच तोंडात घट्ट झालं आणि पूड संपली. म्हटलं, तू कारागीर माणूस, इकडेतिकडे घासून घेशील. माझी दाढ दोन वर्षांपूर्वी मोडली. दातांच्या डॉक्टरला मी घाबरतो. झालं समाधान?

पैसे पाठवू नकोस. माझ्याकडे पुरून उरतील एवढे आहेत. त्या बाई म्हणाल्या, कुत्रा म्हातारा आहे, भुलीतून उठेलच अशी खात्री देता येत नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच म्हणाल्या. तुझी आई गेल्यापासून माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा घरात तो एकटाच आहे. ठमी ऐकते, पण मशीन चालवत. तो उठला नाही तर मी काय करू, सांग. म्हणून पैशांवर ढकललं. मला कंजूष म्हटलेलं चालतं, भित्रा म्हटलेलं चालत नाही.

आज सकाळी त्याचा डोळा पूर्ण मिटला. सही करून आलोय. उद्या नऊला नेणार. ठमीला यातलं काही कळवू नकोस.

तुझे, अप्पा

२२ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

घाबरू नकोस. अप्पांच्या उजव्या हाताला पाच टाके पडलेत, त्यांचीही दाढ निघालीय आणि ते कमालीचे खुशीत आहेत. टाके घालायला नेलं तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा सुजलेला गाल बघितला आणि तसंच दातांच्या खुर्चीत नेऊन बसवलं. हात बांधलेला, पळणार कुठे?

आता पहिल्यापासून सांगते. काल फौजदाराला आत नेलं आणि अप्पा पट्टा मांडीवर घेऊन बाकावर बसले. दोन तासांनी बाई बाहेर आल्या, दाढ निघाली, पण तो अजून जागा होत नाही म्हणाल्या. अप्पा आत जाऊन त्याच्याशी बोलायला लागले. गळका नळ, शेजाऱ्यांचा कर्कश भोंगा, माझी तक्रार, सगळं सांगून झालं. अर्धा तास झाला तरी तो ढिम्म. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, तेव्हा माझा धीर सुटला. अप्पांनी हळूच त्याच्या तोंडावर हात ठेवला.

आणि फौजदाराने डोळेसुद्धा न उघडता कचकन चावा घेतला. रक्ताची धार लागली, बाई ओरडल्या, मी कापूस शोधत धावले. आणि दादा, आपले अप्पा तो हात उंच धरून बाहेर आले आणि बाकावरच्या एकेका अनोळखी माणसापुढे उभे राहून ओक्साबोक्शी रडत सांगत सुटले की चावला, मला चावला!

तुझी, ठमी