उकंड्यातल्या सुया

माय, आपला उकंडा अजून घरामागेच आहे. शेण, राख, भाजीची देठं तू त्यात टाकायचीस. फुटकी काच, खिळे, पत्रा मात्र गोठ्यातल्या तेलाच्या डब्यात जायचं आणि सावली गावाहून येणाऱ्या भंगारवाल्याला तू ते द्यायचीस. वितळून पुन्हा कामात येते, म्हणायचीस. एकदा मी फुटकी बांगडी उकंड्यात फेकली. तू मला कोपरापर्यंत हात घालायला लावलास. "शोध. हे खत वावरात जाते. वावरात माहे पाय रायतात." तुकडा सापडेपर्यंत जेवण नव्हतं.

पुढे तुला साखरेची बिमारी झाली, डोळे गेले. इन्सुलिन मीच टोचायचो, सकाळ-संध्याकाळ. "सुया कुठी टाकतं रे?" "डब्यात." एकदा तू चाचपडत गोठ्यात गेलीस, डबा हलवून पाहिलास. आतले जुने खिळे वाजले. "हं," म्हणालीस. सुया मी उकंड्यात टाकत होतो. मागचं दार जवळ होतं, एवढंच कारण.

तुला जाऊन बारा वर्षं झाली. परवा आपल्या धानाच्या बांधीत रोवणा चालू होता. तुझ्या जोडीनं धान रोवणारी शेजारची काकू चिखलात एकदम थांबली. "काय रुतलं टाचेत, पाह्य बरं." मी वाकलो, उपसलं आणि मूठ मिटली. सुई गंजलेली होती, पण ओळखू येत होती. "काटा व्हय, काकू."

"तुह्या मायच्या बांधीत काटा? तिनं खडाबी ठेवला नाई कधी! तूच आणला असशीन," ती हसली आणि पुन्हा रोवायला वाकली. साखर तिलाही आहे.

आज तिचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला आहे, काळा पडतो आहे. मीच तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टर विचारतात, काय रुतलं होतं? ती तापात माझ्याकडे बोट दाखवते. "काटा. यानंच काढला." मी मान डोलावतो. ते लिहून घेतात.

माय, त्या चिखलात अजून किती आहेत ते मला माहीत नाही. हातानं शोधून संपणाऱ्या नाहीत. उद्या उरलेल्या बांधीत बाया अनवाणी उतरतील आणि मी त्यांनाही काही सांगितलेलं नाही.

सुई माझ्या शर्टाच्या खिशात आहे, कागदात गुंडाळलेली. डॉक्टरांचं दार या बाकापासून दहा पावलांवर आहे, उघडं आहे. हे लिहिलेलं कुठेच जाणार नाही. तुला लिहायला बसलो, कारण तू आता मला ऊठ म्हणणार नाहीस.