नारळ विंगेत फोडला

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आठवीच्या कपाटामागे अलार्मचं घड्याळ लपवलेलं. ऐन गणिताच्या तासाला वाजलं! अर्धा तास सापडेना कोणाला. मग मी सापडलो.
हेडसर पप्पांसमोर म्हणाले, ‘अजून एक भानगड, की दाखला घेऊन जा.’
तेवढ्यात सुचित्रा बाई मध्ये पडल्या — ‘मला द्या त्याला. नाटकात माणूस कमी आहे.’
शिक्षा की बक्षीस, कळेना.

२६ नोव्हेंबर
रोल नाहीच. पडदा ओढायचा! तोंड पाडलं तर बाई म्हणाल्या, ‘शिवा, पडदा चुकला तर आपली पूर्वी रडतेय तिथे लोक हसतील. कळलं?’
बाई आवाज चढवत नाहीत. तालमीला शेवटच्या बाकावर बसतात, ऐकू आलं नाही की नुसता हात वर. आमच्या वर्गातली पूर्वी नाटकात खानावळवाली झालीय. बाईंनी तिला परळच्या खऱ्या खानावळीत नेऊन शंभर चपात्या लाटायला लावल्या! रडली बिचारी. आता स्टेजवर रिकामं लाटणं फिरवते, तरी चपाती दिसते यार.

५ डिसेंबर
दोन आठवडे एकही खोडी नाही. आई कपाळाला हात लावते — ‘मेल्या, ताप इलो की काय तुका?’

१३ डिसेंबर, शनिवार
नाटकाची स्पर्धा. वाट लागली.
नारळ फोडायचा मान बाईंनी मला दिला. मला! ‘बाहेर, नळापाशी फोड.’ निघालो तर दुसरी घंटा झाली. तिसरीला पडदा उघडायचा, तोही मीच. म्हणून विंगेतच फोडला. पाणी स्टेजवर गेलं. रुमालाने पुसलं. सगळं पुसलं गेलं असं वाटलं.
पूर्वी एंट्रीलाच धाडकन पडली! पाय मुरगळला. अख्खा हॉल हसला. पडदा ओढायला माझा हात दोरीवर. समोरच्या विंगेतून बाईंनी मान हलवली — नाही. आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसल्या, पूर्वीकडे बघत. बस्स! पूर्वीनेपण मांडी घातली, पोळपाट ओढला, पूर्ण नाटक बसून केलं. पाच मिनिटांत हसणारे गप्प. शेवटी काय टाळ्या!
आत आल्यावर निलेश ओरडला, ‘ह्यानेच मुद्दाम पाणी टाकलं!’ नवरा झालेला ना तिचा नाटकात. सगळे माझ्याकडे बघतायत. नेहमी पटकन थाप सुचते. आज खरं सांगायचं होतं, तर तोंडच उघडेना.
बाई एवढंच म्हणाल्या, ‘शिवा, आधी बर्फ आण.’

१५ डिसेंबर
दिवसभर दाखल्याची वाट बघितली. बोलावणंच नाही. पूर्वी लंगडत आली. माझ्या बाकाला वळसा घालून गेली.

१६ डिसेंबर
शिपाई गंगाधरमामांकडून कळलं. बाईंनी हेडसरांना लिहून दिलंय — ‘विंगेत नारळ मी फोडला.’ म्हणजे सगळं स्वतःवर घेतलं! म्हणून पुढच्या वर्षी नाटक बाईंकडे नाही.
हेडसरांच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसून लिहितोय. मामा म्हणतात, ‘जा, मोकळे आहेत. काय काम काढलंस?’
पप्पांना अजून काही सांगितलं नाही.
चाललो आत.