दुसऱ्या हाफमध्ये एकही बास्केट नाही

प्रिय अहो,

'प्रिय' लिहिताना मलाच हसू आलं. माहेरी गेले की तुम्हाला माझं कार्ड यायचं ते 'पोचले, काळजी नसावी' एवढंच. आणि आता तुम्ही जाऊन पंधरा दिवस झाल्यावर मी चांगलं लांबलचक पत्र लिहायला बसले आहे! पण काल तुमच्या शोकसभेत जे काही झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास उतरणार नाही. मी भांडले, अहो! तुमच्या शोकसभेत, तुमच्याच गावाशी, भर शिरूरमध्ये भांडले!

सुरुवात साधीच झाली. हार घातला, उदबत्ती लावली, आणि मग एकेक जण उठून दौंडच्या त्या फायनलबद्दल बोलायला लागला. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यातला सामना, दौंडची रेल्वे वसाहत आणि आपलं शिरूर. एक म्हणाला, वसंतरावांनी एकट्यानं सगळे गुण केले. दुसऱ्यानं तुमचा हात मोडला. तिसऱ्यानं त्या मोडक्या हातानं तुमच्याकडून अर्ध्या मैदानातून शेवटचा बास्केट टाकवला! सांगणाऱ्यातले निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते.

मग तुमचा पुतण्या सुनील उठला. नव्या बास्केटबॉल मैदानाला तुमचं नाव देणार आणि दारात दगडी फलक लावणार, म्हणाला. त्यावर काय कोरायचं तेही वाचून दाखवलं. 'अखेरच्या क्षणी अर्ध्या मैदानातून विजयी बास्केट टाकणारे कै. वसंतराव.'

आणि तो बास्केट ज्यांनी खरोखर टाकला, ते तुमच्या संघातले गौतमभाऊजी मागच्या रांगेत परगावहून आलेल्या लोकांत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. आता दगडावर कोरलं की कायमचं झालं ना हो! माझं डोकंच फिरलं.

याला थोडे तुम्हीही जबाबदार आहात, सांगून ठेवते. म्हणजे तुम्ही खोटं कधी बोलला नाहीत. दर वेळी म्हणायचात, "मी न्हाई रं, गौतमनं टाकला." पण लोक काय म्हणायचे? "बघा, केवढा मोठा माणूस आन् किती नम्र!" तुम्ही जितकं खरं सांगाल तितके ते तुम्हाला वर चढवणार. आणि गौतमभाऊजींचं नाव तेवढं गळून जाणार. बौद्धवाड्यातल्या पोराचं नाव का गळतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही एकदा तरी टेबलावर मूठ आपटून ओरडायला हवं होतंत! हसून का सोडून दिलंत?

असो. मी उठले. म्हटलं, "दुसऱ्या हाफमध्ये ह्यांनी एकही बास्केट टाकलेला नाही."

सुनील कळवळून म्हणाला, "काकू, बसा तुम्ही. दुःखात माणूस काय बी बोलतं."

"दुःखात बोलत नाही रे," मी म्हटलं, "दौंडची आहे म्हणून बोलते! मी समोरच्या बाजूला बसले होते. शिरूर हरू दे म्हणून ओरडत होते."

अहो, शोकसभा हसली! तुमच्या फोटोकडे बघितलं तर मला वाटलं, तुम्हीही मिशीत हसताय.

मग मी सगळं सांगितलं. तुमचं शाळेमागचं मुरमाचं मैदान. चेंडूचा टप्पा पडला की खड्यावर आपटून भलतीकडेच पळायचा. म्हणून तुम्ही पोरं चेंडू जमिनीला लागूच द्यायचा नाहीत, हातातून हातात, वरच्या वर. टप्पे मारत धावणं फक्त तुम्हाला यायचं, कारण तुम्ही पुण्यात कॉलेजला होतात. आणि आमचं दौंडचं मैदान सिमेंटचं, गुळगुळीत! पहिल्या हाफमध्ये तुम्ही त्यावर जे काय नाचलात! टप्पे काय, गिरक्या काय! तुमच्या ट्रकभर लोकांनी कुस्तीच्या फडासारखी हलगी लावली होती. मी दौंडची असून माझा डोळा हलत नव्हता. तुम्ही दिसायलाही बरे होतात, आता खोटं कशाला बोलू?

पण तुमचे एवढे बास्केट होऊनही पुढे दौंडच होतं. आणि दुसऱ्या हाफला आमच्या रमेशदादानं डाव टाकला. तो आणि आणखी एक, दोघे तुम्हाला चिकटले. मला वाटलं, आता हा पठ्ठ्या चिडणार, एकटाच घुसणार आणि चेंडू घालवणार. तुम्ही काय केलंत? टप्पे मारणंच बंद केलंत! चेंडू आला की दिला, आला की दिला. दौंडच्या सिमेंटवर तुम्ही शिरूरचा मुरूम खेळायला लागलात. मधेच तर लांब कोपऱ्यात जाऊन नुसते उभे राहिलात आणि आमचे दोन्ही वाघ तुमच्या राखणीला! इकडे तुमचे चौघे आणि आमचे तिघेच. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. एवढंच दिसलं, की गुण जवळ यायला लागले.

तुमच्या लोकांनाही कुठं कळत होतं! ते कुस्ती बघणारे. "वसंता, भिड की! पळतुयास कशाला?" "भ्यालं रं, भ्यालं!" हलगी थांबली. एकानं तर तुमच्यासाठी आणलेला फेटा परत पिशवीत घातला. भ्याला म्हणून स्वतःच्याच गावानं हिणवायचं आणि मनात आणलं तर एका उडीत त्यांची तोंडं बंद करता येतील, हेही ठाऊक असायचं. तेव्हा ती उडी न मारणं किती अवघड असेल हो! तुम्हाला राग नाही आला?

आणि शेवटी चेंडू तुमच्याकडे, रिंगच्या खाली! हात वर केला की झालं. रमेशदादा आणि तो दुसरा, दोघांनी एकदम उडी घेतली. अख्खं मैदान उभं राहिलं. आणि तुम्ही मागे न बघता चेंडू पाठीमागे सोडलात. तिथं गौतमभाऊजी, त्यांनी टाकला. बोर्डाला लागला, आत गेला, शिट्टी वाजली! एका गुणानं हरलो आम्ही! लोकांनी उचललं मात्र तुम्हाला. फेटाही पिशवीतून पुन्हा बाहेर आला. गौतमभाऊजी चेंडू गोळा करत राहिले, शाळेचा होता ना तो.

हे सगळं सांगितलं तरी सुनीलचं तोंड पडलेलंच. "काकू, पण मग काकांचं त्यात मोठं काय?"

तेव्हा मी त्या संध्याकाळची आमच्या घरातली गोष्ट सांगितली. तुम्हाला ती मी कधीच सांगितली नाही. आप्पा इंजिनावरून ड्यूटी संपवून आले होते, हातपाय धुऊन जेवायला बसले होते. रमेशदादा छाती काढून म्हणाला, "आप्पा, दुसऱ्या हाफला मी त्या वसंताला असा धरला, असा धरला, एक बास्केट टाकू दिला नाही!" आप्पांनी पिठल्यात भाकरी मोडली आणि विचारलं, "व्हय का? मग हरलात कशानं?"

दादाचा घास हातातच राहिला. मी दाराआडून तुमचं नाव तेव्हा पहिल्यांदा मनातल्या मनात घेतलं.

"हे मोठं," मी सुनीलला म्हटलं. "दादानं पुरता अडवून धरलेला माणूस दादाला हरवून गेला. तुमच्या अर्ध्या मैदानापेक्षा हे मला मोठं वाटतं."

मग मी गौतमभाऊजींना पुढे बोलावलं. ते हात हलवून नको नको म्हणायला लागले. "ऱ्हाऊ द्या वहिनी. पोरास्नी तीच गोष्ट आवडती." पण सुनीलच मागे गेला आणि त्यांना हाताला धरून पुढे घेऊन आला. चांगलं पोरगं आहे हो ते, फक्त ऐकीव गोष्टींवर वाढलेलं.

भाऊजी माईकशी नीट उभेही राहिले नाहीत. म्हणाले, "बास्केट मीच टाकला, ही खरं हाय. पर मी मागं हाय ही वसंताला कसं कळलं? त्यानं वळून बघितलंच न्हवतं. इचारीन, इचारीन म्हणलं. ऱ्हायलंच बघा."

मी जागेवरूनच सांगितलं. मीही तुम्हाला हेच विचारलं होतं, लग्नानंतर. तुम्ही वैतागून म्हणाला होतात, "बघायला कशाला पायजे? गौतम मागं असतूयच."

भाऊजींनी टोपी तोंडाशी धरली. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणे. वाजल्या!

फलकाचा मजकूर बदलला. आता पाचही नावं येणार, आणि गौतमभाऊजींच्या नावापुढे 'विजयी बास्केट'. तुमच्या नावापुढे काय लिहायचं ते मला विचारलं. मी म्हटलं, 'दुसऱ्या हाफमध्ये एकही बास्केट नाही' असंच लिहा. येणारा-जाणारा थांबून विचारेल, असं का? मग त्याला कुणीतरी सांगेल.

तुम्ही मला दर वर्षी विचारायचात, "खरं सांग, कसा खेळलो व्हतो?" आणि मी म्हणायचे, "बरे खेळलात." तुम्ही मांडीवर थाप मारायचात, "दौंडकरीण बरं म्हणली म्हंजी लई झालं!" आज सांगते, बरे नाही हो. त्या मैदानावर तुमच्यासारखं मी पुन्हा कुणाला खेळताना बघितलं नाही. ऐकू येतंय ना?

मैदानाच्या उद्घाटनाला दौंडचा संघ येणार आहे. पहिला चेंडू गौतमभाऊजी टाकतील. इतकी वर्षं इथं नांदले, पण दौंडची मॅच असली की दौंडच्या बाजूला जाऊन बसले, आणि तुम्ही समोरून मला हात करायचात. तर हा माझा शब्द. त्या दिवशी मी शिरूरच्या बाजूला बसेन, तुमच्या जागेवर, आणि शिरूरसाठी घसा बसेपर्यंत ओरडेन. एवढ्या एका मॅचपुरतं हं. फार चढून जाऊ नका.

तुमचीच,
दौंडकरीण