झोपलेल्याच्या वतीनं

८ डिसेंबर

पोहोचलो. साताऱ्याहून निघताना धाकधूक होती, या वयात नवं घर मानवेल का? मानवलं. आक्कानं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि "नाना, लय वाळलास रं" म्हणत माझी पिशवी हिसकावून घेतली. ही माझी थोरली बहीण अजून मला पाचवीतलाच समजते. कवठे महांकाळच्या अलीकडं, रानातलं दोन खोल्यांचं घर. चहूकडं शाळूची ज्वारी पोटरीत आलेली, कणसं अजून पानांत. जन्मभर मुलांना रानाच्या कविता चालीवर शिकवल्या, पण खरं रान मागंच राहिलं होतं. बायको गेल्यापासून ओठांवर एक ओळ नव्हती; आज आंघोळीला बसलो आणि अख्खं कडवं आपोआप आलं.

९ डिसेंबर

आक्काचा नातू ऋषिराज पुण्यात इंजिनिअर. त्यानं भिंतीवर तळहाताएवढा संगणकाचा बोर्ड बसवून ठेवला आहे. आज फोनवरून सांगत माझ्याकडून तो सुरू करून घेतला. त्यात वॉचडॉग टायमर म्हणून एक राखणदार घड्याळ आहे. दिवसा ठरावीक वेळानं बोर्ड वाजतो. आक्काच्या खाटेशी एक बटण, माझ्या खाटेशी एक. दोन्ही दाबली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतं आणि ओसरीवरचा दिवा हिरवा राहतो; ऋषिराजला पुण्यात फोनवरही तो दिसतो. एक जरी राहिलं, तर बोर्ड स्वतःच बंद होऊन सुरू होतो आणि पुन्हा एकदा विचारतो. तरीही उत्तर नाही, तर दिवा लाल आणि शेजारच्या आप्पासोला फोन. त्याच्याकडं जीप आहे.

ऋषिराजनं आधी फार थोडा अवधी ठेवला होता. कालवण ढवळू का बटणं दाबत बसू, म्हणून आक्का करवादली. मग मी अवधी वाढवला आणि शेवटी टायमरला कुलूप घातलं. आता तो बंद करता येणार नाही, बदलताही येणार नाही. घाबरलेला माणूस आधी राखणदारालाच गप्प करतो, असं ऋषिराज म्हणाला. पोरगं शहाणं आहे.

११ डिसेंबर

आक्काला बोर्ड आवडला. म्हणाली, ही तर आपली हाळीच. लहानपणी आम्ही मेंढरांमागं माळावर पांगायचो. एकानं हाळी दिली की ज्यानं त्यानं 'हू' म्हणायचं. जो गप्प राहील त्याला सगळे शोधायला धावत.

दुपारी तिचा डोळा लागला होता, म्हणून मीच तिचं बटण दाबलं. उठल्यावर सांगितलं, तर खूश झाली.

"बेस केलंस. जाग्यानं निजलेल्याची हू द्यायची असती. उठवायचं न्हाई."

हे मी विसरलो होतो. आमच्यात तशी रीतच होती.

१४ डिसेंबर

आक्का सकाळपासून उठली नाही. हात गार आहे. बोर्ड वाजला, तिचं बटण दाबलं. मग माझं. चहा केला, दोन कप. ऋषिराजचा निरोप आला, दोघं मजेत दिसताय. मी हो लिहिलं.

१५ डिसेंबर

कळतंय मला. पण सांगितलं की ती गेलेली होईल. दाबलं. तिचं, माझं. रडू येत नाही. भूक नाही, तहान नाही. कविता आठवून पाहिली. चाल आठवते, शब्द नाहीत.

१६ डिसेंबर

आक्काला असं ठेवणं बरं नव्हे. तिला माती मिळायला हवी. फोन हातात धरला, तोंड उघडेना. मग ठरवलं, बटणंच दाबायची नाहीत. दिवा लाल होईल, फोन जाईल, आप्पासो येईल.

बोर्ड वाजला. मी ओसरीवर बसून राहिलो. हात मांडीखाली.

दिवा हिरवाच.

आत गेलो. आक्का तशीच. पुन्हा वाजला तेव्हा मी समोर उभा होतो — कुणी हात न लावता तिचं बटण आत गेलं. मग माझं.

१७ डिसेंबर

टायमर बंद करायला गेलो. कुलूप. वायर ओढायला गेलो — बोटांना लागत नाही.

माझ्या खाटेवर पांघरूण आहे. खाली कुणीतरी. पायाशी माझ्या चपला. तोंडावरचं पांघरूण काढायला हात —

नको.

आक्काची खाट रिकामी. ती माझ्या उशाशी बसली आहे. मी म्हणालो, आक्का, मी जागा आहे. तिनं वर पाहिलं नाही. खाटेवरच्यालाच म्हणाली, "नीज तू. मी हाय जागी."

१८ डिसेंबर

फाटकाशी जीप थांबली. आप्पासो. मी धावलो. त्याच्या समोर — अगदी समोर. तो माझ्यातून दिव्याकडं बघतोय. हिरवा.

तरी त्यानं हाक मारली. गुरुजी, बरं हाय न्हवं?

देवा, विचारलं त्यानं. आता फक्त एक शब्द. तोंड उघडलं — तेवढ्यात आतून, माझ्या खोलीतून, माझ्याच आवाजात — "हू."