नऊ तासांची लाट

सांगली, १० मे १९९६

तीर्थस्वरूप जालिंदरमामा यांना भाचा कपिल याचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींना ऊन लागलं होतं, ते उतरलं का? फौजेतले किस्से तुम्ही अजून सांगता आणि लोक अजून मधूनच उठून जातात, असं आई म्हणाली. लोकांना किंमत नाही. लोणंदला यंदा लग्नसराई जोरात असून तुमचा मंडप आणि जनरेटर एक दिवस रिकामा नाही, हे ऐकून बरं वाटलं. (जनरेटरचं का काढलं ते पुढे येईल. तोवर गुडघ्याला जपा.)

माझं ठीक म्हणायचं. मी इथल्या कॉलेजात शिकवतो हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण एम.ई.चा प्रबंध मेअखेर दिला नाही तर जूनपासून शिकवणार नाही, हे आईला ठाऊक नाही आणि तुम्हीही सांगू नये. विषय आहे समुद्राच्या लाटांपासून वीज. लाटेवर एक मोठं पिंप तरंगतं, वरखाली होतं आणि त्या हालचालीवर वीज तयार होते. हे पिंप, ती लाट आणि तो समुद्र, तिन्ही माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. (खरा समुद्र मी अजून पाहिलेला नाही. आमचे सर म्हणतात, न पाहिलेलाच बरा, गणित स्वच्छ राहतं.) प्रोग्राम सुरू केला की उत्तर यायला नऊ तास लागतात. मध्ये वीज गेली की सगळं बुडतं आणि पुन्हा पहिल्यापासून. अर्धं झालेलं साठवून ठेवायची सोय करायला गेलो, तर प्रोग्रामच चालेनासा झाला. आणि आमच्या गल्लीत सलग नऊ तास वीज राहिल्याचं म्हाताऱ्या माणसांनाही आठवत नाही. थोडक्यात, वीज कशी मिळवावी हे कळायला आधी वीज मिळायला हवी.

त्यात माझ्या खोलीसमोर दादासोंची पिठाची गिरणी. ती सुरू झाली की दिव्याचा काजवा होतो आणि कॉम्प्युटर मान टाकतो. एक दिवस गिरणी बंद ठेवा म्हणून मी हात जोडले. भला माणूस, ठेवली. त्या दिवशी वीज आठव्या तासाला गेली आणि गल्लीतल्या बायका दळणाचे डबे घेऊन माझ्या दारात उभ्या. एक म्हणाली, "आवं सर, तुमच्या समुद्राचं पीठ कवा पडायचं ते पडू द्या, आमच्या जोंधळ्याचं काय ते सांगा." मग कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून एस.टी.नं वडूजला घरी नेला. तिथं आईनं गावभर सांगून ठेवलेलं, पोरगा विजेच्या खात्यात हाय. कॉम्प्युटर जोडायच्या आत निम्मं गाव जळलेल्या मोटारींची गाऱ्हाणी घेऊन अंगणात. आप्पासो तर म्हणाले, "समुद्र कुटं पळून जातोय व्हय रं? आदी आमचा डीपी बग." मी गावाला वीज वाटणारा तो डीपी उघडून बघितला. त्यानंतर दोन दिवस गावात वीज नव्हती.

तुम्ही सुचवलेलं कोयनानगरचं स्थळही पाहून आलो. आम्रपाली तिथल्या शाळेत गणित शिकवते, वडील आकारामकाका वीजगृहात आहेत. नऊ तासांचं रडगाणं मी तिथंही गायलो. ती शांतपणे म्हणाली, "पण समुद्र बघितलाय का तुमी?" मी न्हाई म्हटलं. ती हसली आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मला प्रबंधाचा विसर पडला. मग तोल सावरायला मी एक भाषण ठोकलं: लग्न साधं करीन, मंडप नको, रोषणाई नको, ऑर्केस्ट्रा तर नकोच. त्या भाषणावरच तिनं होकार दिला आहे. मामा, मुलगी मला मनापासून आवडली. लग्न मात्र पावसाळ्यानंतर, निवांत करू.

मामींना जयभीम सांगा. गुडघ्याला लेप लावत जा.

तुमचा,
कपिल

ता. क. : लग्न याच महिन्यात करावं. मंडप, रोषणाई, ऑर्केस्ट्रा सगळं असावं. घरचं लग्न असल्याशिवाय तुमचा जनरेटर मोकळा होणार नाही. मंडपामागे टेबलावर कॉम्प्युटर ठेवला तर कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण आपलं लग्न त्रिशरण-पंचशील होऊन अर्ध्या तासात आटोपतं आणि प्रोग्राम नऊ तासांचा, म्हणून ऑर्केस्ट्रा दमाचा पाहावा. हा थाट तुमचाच हट्ट आहे, असं आम्रपालीला सांगा. मी तिच्यादेखत कडाडून विरोध करीन. माझं ऐकू नका.

ता. क. आणखी : तिकीट आणायला विसरलो आणि पत्र आठवडाभर पडून राहिलं, ते बरंच झालं. आम्रपालीचं कार्ड आलं: आमच्या क्वार्टरमधली वीज जात नाही, कॉम्प्युटर घेऊन या. गेलो. सकाळी प्रोग्राम सुरू केला. ती दिवसभर शेजारी बसून पेपर तपासत होती. संध्याकाळी उत्तर आलं. माझं पिंप समुद्रातून वीज काढत नाही, उलट समुद्रालाच देतं. कुठंतरी अधिकच्या जागी उणे पडलं आहे. "मंजी परत नऊ तास?" तिनं विचारलं. मी व्हय म्हटलं. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. तिलाही वाटलेलं दिसलं नाही. आकारामकाका मात्र फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "आता परत येशील ते जावई म्हणूनच ये बाबा. इथं क्वार्टरं चिकटून हायत."

तेव्हा मामा, येत्या रविवारी कोयनानगरलाच लग्न उरका. मंडप नको, ऑर्केस्ट्रा नको, जनरेटर खुशाल दुसऱ्याला द्या. फक्त वऱ्हाडाच्या जीपमध्ये कॉम्प्युटरला जागा ठेवा. आणि जेवणं झाल्यावर वऱ्हाडाला नऊ तास तिथंच बसवून ठेवायची जबाबदारी तुमची. फौजेतले किस्से पहिल्यापासून सांगा. मी कोणालाही उठू देणार नाही.